तिसऱ्या घरातला चार

कारखान्यात तिला सगळे मापकाकी म्हणायचे. लेथवरून उतरलेला शाफ्टचा प्रत्येक गोल दांडा एकतीस वर्षं तिच्याच हातून गेला. जाडी मोजायचं मायक्रोमीटर लावण्याआधी ती त्याच्यावरून अंगठा फिरवायची, आणि अंगठ्याचा शब्द मायक्रोमीटर सहसा खाली पडू द्यायचा नाही.

तिची सून तिथेच ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. काकीच्या बाडाएवढ्या वहीच्या जागी तिने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला होता. काकीने मापं टाइप करायची, तक्ता छापून यायचा, तो वाचून माल पास करायचा. मालकांनी बजावलं होतं, पहिली खेप बिनबोभाट गेली तरच हा प्रकार चालू ठेवायचा. सुनेने जिवाचं रान केलं होतं.

चाळीस शाफ्टांचा तक्ता आला. पंचवीस मिलिमीटरच्या वर केसभरही चालणार नव्हतं, नाहीतर शाफ्ट बेअरिंगमध्ये शिरलाच नसता. तक्त्यात कुठे २४.९९, कुठे २५.००. नापास एकही नाही. मालक खूश, टेम्पो दाराशी.

काकी मात्र सतराव्या ओळीवर अडली. हाच शाफ्ट सकाळी तिच्या अंगठ्याला खटकला होता. पण चारचौघांत तोंड उघडलं असतं, तर पोरीची पहिल्याच दिवशी शोभा झाली असती. तिने मालकांना सांगितलं, चष्मा सापडत नाही, दहा मिनिटं टेम्पो थांबवा. चष्मा तिच्या कपाळावरच होता.

ऑफिसात जाऊन तिने हळूच विचारलं, "सतरा नंबर किती आलाय गं?"

"पंचवीस, आई. बरोब्बर."

"मी पंचवीस पॉइंट शून्य शून्य चार टाकलं होतं. तो चार कुणी गिळला?"

सुनेचा चेहरा उतरला. तिने प्रोग्राम उघडून पाहिलं; आत आकडा जसाच्या तसा होता. छापायच्या ओळीत तिने .2f लिहिलं होतं, म्हणजे टिंबापुढे दोनच घरं; तिसऱ्या घरातला चार छापताना गळून पडला होता. तिने दोनाचे तीन केले. नवा तक्ता आला: सतरा नंबर २५.००४, एकतीस नंबर २५.००३. काकीने दोन्ही शाफ्ट उचलून बाजूला ठेवले, अडतीस टेम्पोत चढवले, आणि मालकांना म्हणाली, सापडला एकदाचा चष्मा.

घरी जाताना सून म्हणाली, "आई, तुम्ही कुणाला काहीच बोलला नाहीत."

"पहिल्या वर्षी मी मायक्रोमीटर शून्यावर न आणताच अख्खी खेप चुकीची मोजली होती," काकी म्हणाली. "तेव्हाच्या मापवाल्या काकांचाही चष्मा असाच हरवला होता."