थोरलीचा पुरवणी प्रश्न

आमची थोरली खासदार झाली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की आता घरात भाजी कोण चिरणार. देशाचं व्हायचं ते होईल, पण जेवायला घरभर माणसं आणि चिरायला आम्ही दोघीच जावा. ती माझी मोठी जाऊ. मागे तिला मी थोरली म्हणते, तोंडावर ताई. निवडून आल्यावर तिने भाजीचा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. घरातल्या पुरुषांच्या हातात सुऱ्या दिल्या आणि मला म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. माझी पिशवी सांभाळ. तिथे मला विश्वासाचं माणूस हवं." मोठे भावजी एका कानाने बहिरे आहेत. त्यांनी तोच कान पुढे केला आणि कांदा चिरायला बसले.

त्याआधी ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, ड्रेसिंगच्या खोलीत. गल्लीत कुणाच्या पायात काटा गेला, काच घुसली, की माणूस लंगडत आमच्या दारात. थोरली चिमटा घ्यायची, त्याचा पाय आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरायची आणि काढायची. तो कितीही बोंबलला तरी सोडायची नाही. "अर्धा आत राहिला की पिकतो," हे तिचं ठरलेलं. सभागृहातही तिने तेच केलं, म्हणून तिथे तिचं नाव पडलं चिमटा. विरोधक म्हणायचे, तिच्या पक्षाचेही म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

दवाखान्यातला तिचा आणखी एक शिरस्ता होता. वाईट बातमी सांगायची असली की आधी माणसाला खुर्चीवर बसवायची. उभ्या माणसाला वाईट सांगू नये, पडतो, असं म्हणायची. हे गल्लीत इतकं ठाऊक झालं होतं, की तिने नुसतं "बसा" म्हटलं तरी बायकांच्या डोळ्यांतून पाणी सुरू. एकदा ती एकाला औषधाची वेळ समजावून सांगायला बसा म्हणाली, तर तो माणूस पांढराफटक पडला.

सभागृहाची रीत मला तिच्या पिशवीमुळे कळली. प्रश्न आधी लिहून द्यायचा. मंत्र्याचे अधिकारी उत्तर लिहून देतात, मंत्री उभा राहून ते वाचतो. त्या कागदात काही नसतं. खरी कुस्ती पुढे. प्रश्न विचारणाऱ्याला त्या उत्तरावर दोन-चार पुरवणी प्रश्न विचारता येतात आणि तेव्हा मंत्र्याला वाचायला तयार उत्तर नसतं, जे असेल ते डोक्यात. थोरलीची सगळी कमाई त्या पुरवणी प्रश्नांची. तिच्यासमोर भले भले मंत्री घाम पुसत बसलेले मी गॅलरीतून पाहिलेत.

तर आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे. ते चालवते एक बाई, आम्ही तिला इस्त्रीवालीच म्हणतो. नवरा वायरमन. गल्लीतल्या निम्म्या घरांतले दिवे त्याने लावलेत. तो बाहेरदेशी गेला, मोठमोठ्या इमारतींच्या कामावर. तिथला कारभार असा, की कामगारांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात, भर उन्हात काम, तक्रार केली तर तुरुंग. दोन माणसं वरून पडून मेली आणि मालकाने काम थांबवलंसुद्धा नाही. वायरमनने ते मोबाइलवर टिपलं आणि पाठवून दिलं. जगभर दिसलं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या पोलिसांनी त्याच्या खोलीतल्या सगळ्यांना उचललं, ना खटला ना वकील. हा तेवढा बाहेर होता म्हणून हाती लागला नाही. तेव्हापासून त्याचा फोन बंद.

इस्त्रीवाली आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हाताला ताजा चटका बसला होता. थोरली मलम लावत होती आणि ती बोलत होती. "ताई, तो जिवंत आहे का, एवढंच मला कळू दे. परत कधी येईल, पैसे मिळतील का, काही विचारत नाही मी."

"विचारते," थोरली म्हणाली. "पुरतं उत्तर घेतल्याशिवाय खाली बसणार नाही."

प्रश्न लागला. त्या देशाशी मैत्रीचा करार करताना आपल्या सरकारने तिथे डांबलेल्या आपल्या माणसांचा विषय काढला का, आणि अमुक वायरमन कुठे आहे. आदल्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्र्यांनी तिला दालनात बोलावलं. मीही गेले, पिशवी घेऊन. गालिचा असा, की पावलं वाजत नाहीत. मंत्री बोलायलाही तसेच, मऊ.

"ताई, उद्या उत्तर वाचून होऊ दे. पुरवणी विचारू नका. विषय नाजूक आहे."

"तुमच्याकडे सगळेच विषय नाजूक," थोरली म्हणाली. "बंदराचा करारही नाजूक होता. मग कळलं, कंत्राट तुमच्या साडूचं."

मंत्री हसले नाहीत. "ही गोष्ट वेगळी आहे."

"मग सांगा काय आहे ते."

"इथे सांगता येत नाही."

"उद्या सभागृहात सांगा." ती चहाला हात न लावता उठली. मंत्री दारापर्यंत आले. "माझ्यावर विश्वास ठेवा," म्हणाले. थोरली म्हणाली, "ते काम तुमच्या मतदारांचं." मला तेव्हा हसू आलं. जिना उतरेपर्यंत मी हसत होते.

लांडगा आला रे आला असं हा माणूस वर्षानुवर्षं ओरडत आलेला. त्या दिवशी खरंच आला होता, हे आम्हाला कसं कळावं?

दुसऱ्या दिवशी गॅलरीत माझ्या शेजारी इस्त्रीवाली. दुकान बंद ठेवून आली होती, अंगावरचे कपडे कडक इस्त्रीचे. खाली सभागृह भरलेलं. कामकाज टीव्हीवर थेट दाखवतात, त्यामुळे त्या तासाला सगळे केस विंचरून येतात. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे, वगैरे. नेहमीचं.

थोरली उठली. "लक्ष ठेवून आहे म्हणजे कोण ठेवून आहे? त्या वायरमनला शेवटचं कुणी पाहिलं?"

"शक्य ते सर्व प्रयत्न सुरू आहेत."

"एक प्रयत्न सांगा. फक्त एक."

मंत्र्यांनी कागद चाळले. मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "झोपेत प्रयत्न चालू आहेत." हशा पिकला. मंत्र्यांच्या स्वतःच्या पक्षाचेही हसले. माणसाला एक वेळ शिवी सोसते, हसलेलं सोसत नाही, आणि टीव्हीसमोर तर नाहीच. त्यांचे कान लाल झालेले मला वरून दिसले.

थोरली खाली बसली नव्हती. तिने आवाज चढवला नाही, उलट उतरवला. ती खरा चिमटा लावायची तेव्हा असंच बोलायची. "मंत्रिमहोदय, त्याची बायको वर गॅलरीत बसली आहे. तिच्याकडे बघून सांगा की तुमच्या सरकारने त्या माणसासाठी बोटभरसुद्धा काही केलं नाही. सांगा आणि मी बसते."

मंत्र्यांनी वर पाहिलं. मग हातातला कागद बाकावर आपटला.

"केलं नाही? त्याला आमच्या वकिलातीनेच लपवलंय. तो आमच्या ड्रायव्हरच्या खोलीत आहे, वकिलातीच्या मागच्या गल्लीत, सुखरूप. तिथे बसून आमचंच अन्न खातोय तो. आता बोला."

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली. इस्त्रीवालीने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. ती रडत होती, हसत होती. "जिवंत आहे हो," असं मलाच सांगत होती, जशी मी ते ऐकलंच नव्हतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी खाली थोरलीकडे पाहिलं. मला वाटलं ती वर बघेल.

तिने वर पाहिलं नाही. ती अधिकाऱ्यांच्या बाकाकडे बघत होती. तिथे मंत्र्यांचा सचिव दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. मग थोरलीने मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याच्यावरचा लाल दिवा चालू होता. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा तसा पाहिला नव्हता. दवाखान्यात माणसं दगावली तेव्हाही नाही.

"अध्यक्ष महाराज," ती म्हणाली, "हे उत्तर कामकाजातून काढून टाका."

ज्या बाईने आजवर मंत्र्यांचा एक शब्द गाळू दिला नव्हता, ती म्हणतेय काढून टाका. अध्यक्ष चष्म्यावरून बघत राहिले. "आपणच विचारलंत ना? कारण काय?"

ती उभी. कारण सांगायचं म्हणजे तीच गोष्ट परत सांगायची. तोंड उघडलं, मिटलं. "काढून टाका," एवढंच परत म्हणाली. मंत्र्यांच्या आता लक्षात आलं होतं. ते हळूच खाली बसले, खुर्ची आहे की नाही हेही न बघता. अध्यक्षांनी नोंद काढून टाकायला सांगितलं. म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशीच्या छापील कागदात तेवढ्या दोन ओळी नव्हत्या. बाकी त्या जगाने ऐकल्या होत्या.

आपली वकिलात म्हणजे आपलंच घर, तिथे परक्या पोलिसांना पाय ठेवता येत नाही. पण ड्रायव्हरची खोली भिंतीबाहेरची, भाड्याची. ती कुणाचीच नव्हती. आम्ही घरी पोचून चपला काढतो तोवर टीव्हीवर दाखवलं. अरुंद गल्ली, उघडं दार, खाली पडलेलं ताट. तिथल्या पोलिसांच्या दोन गाड्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मोठ्या भावजींना ऐकू आलं नव्हतं, ते विचारत होते, काय झालं, काय झालं. कुणी सांगेना. टीव्ही बंद करायचा असतो हेसुद्धा मला सुचलं नाही.

पेपरांनी दोन दिवस मंत्र्याला झोडलं, तिसऱ्या दिवशी थोरलीला. मी आजही त्या माणसाला माफ करत नाही. हसले म्हणून कुणी माणसाचा जीव फेकतं का? आणि मला राग थोरलीचाही आला, का न यावा? जीभ त्याची, पण चिमटा आमचा. हे मी तिच्या तोंडावर बोलले. ती भाजी निवडत होती. "बरोबर आहे तुझं," म्हणाली आणि निवडत राहिली. देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होती. मी तिच्या हातातून जुडी काढून घेतली.

इस्त्रीवाली आली ती भांडायला, असंच मला वाटलं. मी दारातच आडवी झाले. पण तिने फक्त विचारलं, "ताई, परत विचाराल ना? कुठे नेलं त्याला?"

पुढच्या अधिवेशनात थोरलीने तोच प्रश्न लावला. मंत्र्यांनी वाचलं, माहिती घेण्यात येत आहे. अध्यक्षांनी विचारलं, "पुरवणी?" सगळं सभागृह थोरलीकडे बघत होतं. ती "नाही" म्हणाली आणि बसली. त्यापुढच्या अधिवेशनातही तेच.

बाहेर इस्त्रीवालीने तिला गाठलं. "पुढे का नाही विचारत तुम्ही?"

"भीती वाटते," थोरली म्हणाली. "मंत्र्याने उत्तर दिलं तर?"

"मला नाही वाटत भीती. अर्धं नका ठेवू ताई. तुम्हीच म्हणता ना, पिकतं."

थोरलीने मान डोलवली.

मग गेल्या अधिवेशनात ती उठली. मंत्र्यांनी वाचून संपवल्यावर अध्यक्षांनी सवयीने पुढचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. "पुरवणी आहे," थोरली म्हणाली. "तो जिवंत आहे का?"

या खेपेला कुणी हसलं नाही. मंत्री उभे राहिले. वर्षभरात फार उतरले होते. त्यांनी समोरचे कागद चाळले नाहीत, सचिवाकडे बघितलं नाही. "माननीय सदस्यांना मी दालनात सांगेन," म्हणाले. "त्यांची हरकत नसेल तर."

आधीची थोरली असती तर म्हणाली असती, इथेच सांगा. ती म्हणाली, "नाही, हरकत नाही." आणि वर गॅलरीकडे बघून इस्त्रीवालीला हाताने खूण केली, ये.

आम्ही तिघी त्या गालिच्यावरून चाललो. इस्त्रीवाली पुढे, भराभर, आम्हीच मागे पडत होतो. वाटेत मला म्हणाली, "तुरुंग कुठला ते कळलं की मी पत्र तरी घालीन. त्याला माझं अक्षर लागतं." शिपायाने दार उघडलं. मंत्री टेबलामागे नव्हते, दाराशीच उभे होते. थोरलीला ते काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः एक खुर्ची ओढली आणि इस्त्रीवालीच्या पुढ्यात ठेवली.

"बसा," म्हणाले.

इस्त्रीवालीने खुर्चीकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं. थोरलीने डोळे मिटून घेतले होते.

"मी उभीच बरी आहे साहेब," ती म्हणाली. "मी दिवसभर उभीच असते."