बेचाळीस नंबरची हजेरी

माझा स्वभाव संशयी आहे, ते मी कधी लपवलेलं नाही. डोंबिवलीच्या एका शाळेत तीस वर्षं परीक्षेच्या वर्गांवर पहारा दिला. कुठल्या मुलाची मान कशासाठी वळली, हे मला मागूनसुद्धा कळायचं. निवृत्त झाले तरी ती नजर गेली नाही. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीतरी शिजतंय, हे मी लगेच ओळखलं.

आधी ठरलं होतं, सगळ्या वर्गाने भेटायला येऊरच्या डोंगरावर जायचं. जेवायचं, गाणी म्हणायची, संध्याकाळी परत. मग आमच्या सीआरने, म्हणजे तेव्हाच्या वर्गप्रतिनिधीने, एकाएकी जागा बदलली. हा नौपाड्यात राहतो आणि अजूनही आमच्यावर हुकूम सोडतो. नवी जागा वर्तकनगरमधल्या एका सोसायटीचा हॉल. खाली दोन सूचना. फोटो काढायचे नाहीत, आणि सगळ्यांनी रोल नंबरप्रमाणे बसायचं. एरवी वडा की समोसा यावर दिवसभर वाद घालणारी ही माणसं, पण एकानेही 'का?' म्हणून विचारलं नाही. नुसते अंगठे दाखवून मोकळे झाले. म्हणजे यांना सगळं आधीच माहीत होतं.

ती सोसायटी माझ्या मैत्रिणीची. तिचा रोल नंबर एक्केचाळीस, माझा बेचाळीस; तीन वर्षं एकाच बाकावर. मी डोंबिवलीहून ठाण्याला यायचे. गाडी चुकली की माझी हजेरी तीच लावायची, मान खाली घालून, आवाज जाड करून. माझ्या जागेवर तिचा रुमाल टाकलेला असायचा. पुढे नोकऱ्या आल्या, संसार आले, तरी आमचा आठवड्याचा फोन चुकला नाही.

तो दोन वर्षांपूर्वी बंद झाला. माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मी तिच्या घरी जाऊन दिली नाही, धावपळीत फोनवरच पाठवली. ती लग्नाला आली नाही. महिन्याभराने तिचा फोन आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मुलाचं लग्न कधी गं?" मला तो टोमणा झोंबला. "झालं. तुझा मानपान तेवढा राहिला," असं म्हणून मी फोन ठेवला. पुढे तिचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. मग ग्रुपवर तिचे रोज सकाळी ठरल्या वेळी नुसते जोडलेले हात. एक शब्द नाही.

आता मला सगळा डाव दिसत होता. तिने सगळ्यांना माझी तक्रार केली असणार. तिच्याच हॉलमध्ये, नंबरप्रमाणे मला तिच्या शेजारी बसवून, चारचौघांत माझ्याकडून माफी वदवून घेणार. त्या आठवड्यात सीआरचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. शेवटी त्याने मेसेज टाकला, "येण्याआधी माझ्याशी बोल. जुने विषय काढू नकोस." माझं डोकं आणखीच फिरलं. तरी मी गेले. रिक्षा खोपटच्या डेपोपाशी अडकली, तेव्हा काय काय सुनवायचं त्याची मनात उजळणी करत होते. खरं म्हणजे मला तिला बघायचं होतं.

पोचले तेव्हा सीआर हातात वही घेऊन हजेरी घेत होता. टक्कल पडलेले, गुडघे धरून बसलेले लोक 'यस सर' म्हणत होते. दुसऱ्या रांगेत ती होती. बारीक झालेली. शेजारच्या खुर्चीवर रुमाल.

"एक्केचाळीस."

"यस सर," ती म्हणाली.

"बेचाळीस."

मी दारातून तोंड उघडणार, तेवढ्यात तिने मान खाली घातली आणि जाड आवाजात म्हणाली, "यस सर."

कोणी हसलं नाही. सीआर माझ्याकडे बघत राहिला. मागे बसलेली तिची सून उठून माझ्याजवळ आली.

"मावशी, आईंना आताचं काही लक्षात राहत नाही. तुमच्याकडच्या लग्नाच्या सुमारालाच सुरू झालेलं, आम्हालाही उशिरा कळलं. कॉलेजचं मात्र सगळं आठवतं. रोज सकाळी मी त्यांना ग्रुप वाचून दाखवते आणि ते हात मीच टाकते. म्हणून या सीआरकाकांनी तिथे काही लिहिलं नाही, एकेकाला फोन करून सांगितलं."

सगळ्यांना सांगितलं होतं. फोन न उचलणारी मी एकटीच. तेव्हा फोनवर ती खरोखरच विचारत होती, मुलाचं लग्न कधी आहे. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं, पण आपुलकीने. मग खुर्चीवरचा रुमाल उचलून मांडीवर ठेवला.

"बसा ना," ती म्हणाली. "माझी मैत्रीण यायची आहे, डोंबिवलीहून. ती येईपर्यंत बसा."

मी बसले.