एक्केचाळीस नंबरची हजेरी

१४ मार्च १९९७, शुक्रवार, दुपार. कामाचं बिल एक लाख शहाऐंशी हजार. हजर तिघे: मी, माझा मेहुणा दिलीप आणि कारखान्याचे इंजिनिअर गायकवाड साहेब.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

नगर एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या पॅकिंग हॉलमध्ये आम्ही फायर अलार्म बसवला होता. चौसष्ट सेन्सर, प्रत्येकाला स्वतःचा नंबर. पॅनेलला लॅपटॉप जोडला की सॉफ्टवेअर एकेकाला हाक मारतं, जो जागेवर आहे तो उत्तर देतो. शाळेतल्या हजेरीसारखं.

चौसष्टपैकी चौसष्ट हजर!

"आमच्या कामगारांची अशी हजेरी लागली तर मी पेढे वाटीन," गायकवाड साहेब म्हणाले.

एखाद्याला धूर देऊन बघावं म्हणून मी एक्केचाळीस नंबर सांगितला. दिलीप शिडीपाशी घुटमळला.

"दाजी, दुसरा घ्या की. हितं शिडी हालती."

"चढ रे. साहेब धरतात शिडी."

त्याने टेस्टिंगच्या डब्यातून धूर मारला. स्क्रीनवर ४१ लाल झाला, भोंगा वाजला — आणि दिलीपच्या हातून डबा खाली पडला. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, भोंग्याने दचकला.

मी सर्टिफिकेटवर सही केली. महिन्याने बिल मिळालं, दिलीपचा हिस्सा त्याला दिला. दुसऱ्याच सकाळी गायकवाड साहेबांचा फोन — पॅनेलवर सात सेन्सर गैरहजर.

शिडी लावून ४१ चं कवच काढलं. आत काहीच नाही. तारा एकमेकींना पिळून वर टेप, आणि टेपवरून थेट तारेवर आलेला छताच्या रंगाचा अखंड थर. ते रंगकाम टेस्टच्या आधीच्या आठवड्यातलं, कवचं उतरवून केलेलं! म्हणजे टेस्टच्या दिवशीही तिथे सेन्सर नव्हताच. उरलेल्या सहा ठिकाणी हेच.

दिलीपला घरी बोलावलं. त्याने लपवलं नाही.

"सातही सेन्सर इकले. टेस्टला तुमी धरनारच, म्हनून पाय धरायच्या तयारीनंच आल्तो. पन ते रिकामं बोललं, दाजी! मग मी कशाला बोलू?"

"त्या हॉलात साठ बायका बसतात, दिल्या," माझी बायको म्हणाली. "आग लागली असती म्हंजे?"



मेहुण्याने फसवलं, त्याचं कारण तरी कळतं. पण ज्या सॉफ्टवेअरच्या शब्दावर मी साठ जणींच्या जिवाची सही केली, त्याने मला का फसवावं? तीच रिकामी कवचं परत बसवून मी तीनदा टेस्ट घेतली. तिन्ही वेळा सत्तावन्नच हजर. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, असं होऊच शकत नाही. तेवढं मलाही माहीत आहे...

सात सेन्सर, दर अठ्ठावीसशे — एकोणीस हजार सहाशे रुपये मी पुण्याच्या डीलरला भरले. भाऊबीजेला दिलीपने ताटात तेवढ्याच रकमेचं पाकीट ठेवलं. हिने निरांजन लावलंच नाही. पैसे मोजले आणि माझ्या हातात दिले.