प्रत्येक दाराला वेगळी किल्ली

कुलूपवालीच्या डोक्यात राग शिरला की तो जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसायचा. बाजारात जिन्याखालच्या टपरीत ती किल्ल्या घासायची, आणि ज्याच्यावर खार खायची त्याला आठवून कानस जरा जास्तच जोरात चालवायची. गेलं वर्षभर कानशीखाली एकच माणूस होता: तिचा ईमेलचा पत्ता विकणारा. तो कोण, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

छापखान्याच्या यंत्रांनी तिच्या दादाचे कान पार गेले होते. त्यामुळे भावाबहिणीचं सगळं बोलणं मेलवर. त्याने लिहिलं होतं, "सोमवारी कानाचं ऑपरेशन आहे. तू ये. ऐकू आलं तर पहिला आवाज तुझा हवा." हा मेल तिच्या नजरेस पडला तो सोमवार उलटून गेल्यावर. वर ढीग होता: लॉटरी लागल्याची बातमी, टकलावर केस उगवणारं तेल, घरबसल्या कर्ज. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने माफीचा मेल धाडला, उत्तर नाही. पुन्हा धाडला, तोही गडप. मग तिने टपरीतल्या कुलपांनाच ऐकवलं, "तो चोर पकडल्याशिवाय दादाला तोंड दाखवणार नाही."

आधी तिने घाणच केली. येईल त्या फालतू मेलला शिव्यांनी भरलेलं उत्तर द्यायचा सपाटा लावला. मेल दुप्पट झाले.

"अहो ताई," शेजारचा झेरॉक्सवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "उत्तर दिलंत की त्यांना कळतं, आत माणूस आहे. न उघडता स्पॅममध्ये ढकला. आणि दुकानात खरा पत्ता देताच कशाला? हवे तेवढे वेगळे पत्ते काढता येतात. सगळे मेल तुमच्याकडेच येतात."

प्रत्येक दाराला वेगळी किल्ली! हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. औषधवाला, चष्मेवाला, चपलांचं दुकान, गादीवाला, सगळ्यांकडे ती गोड हसत जाऊन आली. "पत्ता बदललाय हो, नवा टिपून घ्या." प्रत्येकाला निराळा. मग दबा धरून बसली. महिनाभराने केसांचं तेल आलं, ते नेमकं गादीवाल्याच्या पत्त्यावर. तिला इतका आनंद झाला की तिने समोरच्या गिऱ्हाइकाला किल्ली फुकट करून दिली.

भांडायला ती गेली नाही. थांबली. एके सकाळी गादीवाल्याच्या शटरचं कुलूप अडकलं. (तिने काही केलं नव्हतं, केलं असतं तर तिने मिरवलं असतं.) गिऱ्हाइकं रस्त्यात खोळंबलेली, आणि कुलूपवाली स्टूल टाकून शांत बसलेली.

"अहो, उघडा ना!"

"उघडते. आधी लोकांचे पत्ते कुणाला विकलेत ते सांगा. इथेच, सगळ्यांसमोर."

तो आधी हसला, मग चिडला, मग घामाघूम झाला. गिऱ्हाइकं एकेक करून त्याच्याकडे वळली. "म्हणजे मलाही ते तेलाचे मेल तुमच्यामुळेच?" एका टकलू गृहस्थांनी विचारलं. शेवटी त्याने कबूल केलं आणि फोनवरची यादी तिच्यादेखत पुसली. मगच तिने कुलूप उघडलं. पुढे कितीतरी दिवस त्याच्या दुकानात माशाही फिरकल्या नाहीत, आणि ती रोज मुद्दाम तिथून जायची.

कुलूप उघडलं त्याच संध्याकाळी ती दादाकडे गेली. धापा टाकत, हातवारे करत सगळं सांगितलं. कसा पकडला, कसा रडवला. दादा ऐकत होता. मध्येच तिच्या लक्षात आलं, तो पूर्वीसारखा तिच्या ओठांकडे बघत नाहीये, तरी त्याला सगळं कळतंय.

"तू माझे मेल..."

"ऐकू यायला लागल्यावर मेल कोण बघतो? बंदच केलं ते." त्याने मान खाली घातली. "वर्ष झालं, मला दारावरची टकटक ऐकू येते. प्रत्येक वेळी वाटायचं, तूच."

कुलूपवाली त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिचा आवाज ऐकायला तो वर्षभर थांबला होता, आणि आल्या आल्या तिने त्याला ऐकवली ती चोराची गोष्ट.