शेवट पटला नाही

काकूंनी हल्ली पुस्तकांवर मत देणं सोडलं आहे. वाचन चालू आहे, वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या येतात आणि संपून परत जातात. पण कशी वाटली असं कुणी विचारलं तर "वाचली" एवढंच उत्तर मिळतं. कपड्यांच्या मोठ्या दुकानामागे आल्टरेशनची एक लांबोडकी खोली आहे, तिथे काकूंच्या शेजारी मशीन चालवणाऱ्या बायका म्हणतात, काकूंचं वय झालं. वय-बिय काही झालेलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तोंड पोळलं लेकीचं, आणि फुंकतायत काकू.

एकेकाळी त्यांना या खोलीत सगळे न्यायाधीशबाई म्हणायचे. हातात कुणाची तरी पँट, तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांच्या फटीतून निकाल. तीन पिढ्यांच्या घराण्याची कादंबरी वाचून म्हणाल्या, "माणसं इतकी, की दाराशी चपला काढायला जागा नाही, आणि एकाचाही चेहरा आठवेल तर शपथ." म्हाताऱ्या नावाड्याच्या कादंबरीबद्दल म्हणाल्या, "मेला, कारण त्याचं पुढे काय करायचं हे लेखकालाच सुचेना." एकांताचे गोडवे गाणारं एक चिंतनाचं पुस्तक होतं, त्याला एका वाक्यात आडवं केलं: "ज्याचा चहा कुणीतरी हातात आणून देतं, त्यालाच एकांत परवडतो." आणि दुःखाला मित्र माना म्हणणाऱ्या लेखकाची दाढ कधी ठणकली नसावी, असं त्यांचं ठाम मत होतं. बायका पोट धरधरून हसायच्या. काकूंना ते हसणं आवडायचं, फार आवडायचं, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

वाचनाचं वेड लेकीतही उतरलं होतं. या घरात मनातलं सरळ बोलायची पद्धत नव्हती. जे बोलायचं ते पुस्तकातल्या माणसांच्या नावावर खपवायचं. पहिल्या नोकरीच्या आदल्या दिवशी लेक घाबरली होती, तेव्हा मायलेकी एका कादंबरीतल्या घाबरट मास्तरावर संध्याकाळभर बोलत बसल्या. काकू म्हणाल्या, "मास्तर घाबरट असेना का, वर्गात तर जातो ना?" दुसऱ्या दिवशी लेक डबा घेऊन कामावर गेली. नोकरीचा विषय कुणी काढलाच नव्हता. काकूंच्या नवऱ्याला हे कधी उमगलं नाही. "तुमचं आपलं पुस्तकपुराण," म्हणून तो बातम्या लावायचा.

लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. फोन रविवारी यायचा, दुपारची भांडी झाल्यावर. म्हणजे कामाच्या दिवशी, डब्याच्या सुट्टीत फोन वाजला तेव्हाच काकूंनी कान टवकारायला हवे होते.

"आई, मी सांगितलेली ती कादंबरी वाचलीस?"

कादंबरी साधी होती. एक बाई, तिचा नवरा चारचौघांत साखर आणि घरात हात उगारणारा. शेवटी ती एक पिशवी उचलते आणि घराबाहेर पडते.

"वाचली की. कालच संपवली."

"ती जाते ना शेवटी... ते तुला पटलं का गं?"

लेक स्वतःबद्दल विचारत होती. घाबरट मास्तरावर संध्याकाळ घालवणाऱ्या आईला हे कळायला हवं होतं. पण समोर बायका डबे उघडून बसलेल्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, स्पीकरवर टाका ना, निकाल आम्हालाही ऐकू दे." टाळ्या मिळणार म्हटल्यावर काकूंचं भान सुटलं. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि लेकीकडे द्यायचा तो कान बायकांना दिला.

"छे, अजिबात पटलं नाही," काकू म्हणाल्या. "शेवटचं प्रकरण नुसतं कच्च्या धावदोऱ्यानं जोडलंय. पिशवी उचलली की सुटली बया! अख्खं पुस्तकभर सोसलं, आणखी थोडं सोसलं असतं तर कादंबरी मोठी झाली असती. पळून काय, कुणीही जातं."

खोलीत हशा पिकला.

"बरं," लेक म्हणाली. मग म्हणाली, "तू जेव. डबा गार होईल."

पुढे लेकीनं कुरियरनं एक गठ्ठा पाठवला. ऑफिसात घालायचे तिचे शर्ट, आणि निरोप: अर्ध्या बाह्या काढून पूर्ण लावून दे. काकूंनी रंगाला रंग जुळवून बाह्या लावल्या आणि शेजारणीकडे कुरकुर केली, "एवढ्या उकाड्यात कसली ही फॅशन!" जन्म कपडे दुरुस्त करण्यात गेला, कुणाला काय झाकायचंय हे गिऱ्हाइकाच्या तोंडावरून ओळखणारी बाई. पोटच्या पोरीच्या बाह्या लावताना तिला फॅशन दिसली.

लेक आली ती पानगळ सुरू झाल्यावर. एक पिशवी आणि प्लास्टरमधला डावा हात. बापानं दार उघडलं, हाताकडे पाहिलं, आणि पिशवी घेऊन आत गेला. त्या दिवशी बातम्या लागल्या नाहीत.

काकू शर्टाची बाही उसवायला बसल्या, प्लास्टर आत जाईना म्हणून. त्यांनीच घातलेली टीप, पक्की, दुहेरी. उसवता उसवता एकदम रडू फुटलं.

"मला एका शब्दानं सांगायचंस गं! त्याच दिवशी येऊन घेऊन आले असते तुला. कादंबरी-बिदंबरी गेली चुलीत!"

हे खोटं नव्हतं. काकू खरंच गेल्या असत्या.

लेकीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"विचारलं होतं ना, आई. डब्याच्या सुट्टीत."

काकूंचा हात थांबला.

"तू म्हणालीस, आणखी थोडं सोसायला हवं होतं," लेक म्हणाली. "म्हणून मग सोसलं आणखी थोडं."