पगाऱ्याच्या हेल्मेटातला माझा आवाज

हेल्मेटात घाम साठतो तसे आमच्याकडे किस्से साठलेत. पुसायला जावं तर डोळ्यात उतरतात आणि झोंबतात. पण मी सातवीत दोनदा बसलेला माणूस, पोटात काही ठेवायची मला सवय नाही. तेव्हा ऐका.

आम्ही बेलापूरचे चार म्हातारे. सकाळी सायकली काढायच्या, कोल्हारच्या रस्त्याला लागायचं, जमेल तिथवर जायचं, चहा प्यायचा आणि परत. मी आण्णा, दुधाचा टेम्पो चालवण्यात जन्म गेला. दूध थोडं आणि थापा फार, असा माल पोचवला. दुसरे गुरुजी. शाळेतून रिटायर झाले, पण हजेरी घ्यायची खोड गेली नाही. तिसरा भानुदास, ऊसवाला, पोट सायकलच्या दांडीला टेकतं. आणि चौथा सुदाम पगारे, साखर कारखान्यातला फिटर, माझा लहानपणापासूनचा दोस्त. अख्खं गाव त्याला 'पगारेसाहेब, जय भीम' म्हणतं. मी त्याला पगाऱ्या म्हणतो.

गुरुजींच्या जावयानं पुण्याहून चार इंटरकॉम पाठवले. मोटरसायकलवाले हेल्मेटला लावतात ना, ती डबी. बटण दाबलं की चौघांना एकमेकांचं बोलणं कानात ऐकू येतं. जावई बिचारा भला. सासऱ्यानं गप्पा मारायला रस्ताभर आडवं चालवू नये, एका ओळीत राहावं, एवढाच त्याचा हेतू. पोरगी आमच्याच गावची केली, पण गावची माणसं काय चीज आहेत ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं!

*

पहिल्याच दिवशी भानुदासनं बटण दाबलं आणि "हॅल्लोऽऽ" करून असा ओरडला की तिघांनी एकदम ब्रेक मारले. गुरुजी तर उसात शिरले.

भानुदासचा दोष नाही. माणूस जन्मभर विहिरीवरून बोलला. मोटार चालू, पाणी धो धो, गडी चार शेतं पलीकडे. हळू बोलणं म्हणजे आजारी असणं, असं त्याच्या घरात समजतात.

गुरुजी उसातून पाचट झटकत बाहेर आले. "भानुदास, हे यंत्र आहे. कुजबुजलं तरी ऐकू येतं."

"आस्सं व्हय?" भानुदास ओरडला.

पगाऱ्या म्हणाला, "भान्या, तुझी डबी परत दे. तुझं बिनतारी आधीपासूनच चालू हाय!"

*

इंटरकॉमचा खरा उपयोग मी शोधून काढला तो नदीवर.

गावातल्या एकाचा दहावा होता. आमच्याकडे दहाव्याला पिंडाइतकंच श्रद्धांजलीच्या भाषणांना महत्त्व, आणि गुरुजींशिवाय भाषणं होत नाहीत. आम्ही सायकलीवरूनच गेलो. त्या दिवशी कावळा काही शिवेना. घरच्यांनी पोरीचं लग्न करू म्हणून सांगितलं, म्हातारीला सांभाळू म्हणून सांगितलं, कावळा लिंबावर ढिम्म. तोवर श्रद्धांजल्या उरकून घेऊ म्हणून गुरुजींना उभं केलं. ऊन चढलेलं, गुरुजींना टक्कल, त्यांनी हेल्मेट काढलंच नाही.

मी लिंबामागं जाऊन माझं हेल्मेट चढवलं.

गुरुजी बोलता बोलता अडकतात, हे मला शाळेपासून माहीत. "कैलासवासी आपले... आपले..." करत थांबले, की मी हळूच कानात सांगायचो आणि ते तसंच्या तसं म्हणायचे. आधी नाव सांगितलं. मग गावाचं नाव सांगितलं. मग म्हटलं, "बांधावरून कधी कुणाशी भांडले नाहीत."

गुरुजी भरल्या गळ्यानं म्हणाले, "बांधावरून कधी कुणाशी भांडले नाहीत!"

समोर बसलेल्यांपैकी निम्मे त्याच्याशी बांधावरून कोर्टात गेलेले. एक जण मागून म्हणाला, "गुरुजी, ही नवीनच माहिती हाय!" बायकांनीसुद्धा पदर तोंडाला लावले.

आणि तेवढ्यात कावळा खाली आला आणि शिवला!

माझ्या कानात पगाऱ्याचा आवाज आला. तो पार नदीच्या पायरीवर हेल्मेट घालूनच बसला होता. "बघ आण्णा. बिचाऱ्याला जन्मभर एवढंच ऐकायचं हुतं."

*

आता जरा वाईट सांगतो.

चालत्या सायकलवरून दुसऱ्याची पाण्याची बाटली काढून घ्यायची, ही माझी जुनी कला. पगाऱ्याची बाटली मी इतक्यांदा काढलीय की त्याला नुसतं माझं चाक कडेला दिसलं तरी तो बाटलीवर हात ठेवायचा.

त्या सकाळी मी त्याच्या उजव्या अंगाला गेलो, बाटली काढली. काही नाही. बाटली त्याच्या कानाजवळ नाचवली. काही नाही. जीभ काढली, डोळे फिरवले, माकडासारखं तोंड केलं. पगाऱ्या सरळ समोर बघत चाललाय. मला वाटलं, गडी अभिनय करतोय, दाद द्यायची नाही म्हणून.

मग इंटरकॉमवर तो म्हणाला, "आण्णा, लई मागं राहिला का रं तू? आवाज न्हाई तुझा."

मी हातभर अंतरावर होतो. जीभ अजून बाहेरच होती.

*

डोळ्याच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. कडेची नजर आधी जाते, समोरचं तेवढं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते राहिलेली टिकावी म्हणून. आणि ती टिकेलच असंही नाही.

पगाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. फिटर माणूस. विचारलं एवढंच, "साहेब, सायकल?"

डॉक्टर म्हणाला, "बंद करा."

बाहेर आल्यावर पगाऱ्या म्हणाला, "डॉक्टर चांगला हाय. पन सायकल चालवत नसावा."

त्याचं कसं होतं सांगतो. दोन पोरं, दोन्ही बाहेरगावी. कारखान्याचा भोंगा सुटला तेव्हापासून दिवसाला आकार राहिला नाही, असं तो म्हणायचा. सकाळची सायकल हाच त्याचा भोंगा. ती गेली असती तर पुढं नुसतं खाटेवर बसून दिवस मावळायची वाट बघणं होतं. म्हणून आम्ही ठरवलं: पगाऱ्या मधे, मी त्याच्या मागं, आणि मी बोलेन तसं त्यानं चालवायचं. आता माझं तोंड म्हणजे त्याचे डोळे!

देवानं निवड तरी बघा कुणाची केली.

*

पहिल्या दिवशी मला खोकला होता, म्हणून भानुदासला मागं ठेवलं.

"सुदाम, हिकडून नगं, तिकडून घे! आरं तिकडून! तिकडून रं!"

पगाऱ्या सायकल थांबवून खाली उतरला. "भान्या, तू हात करून दाखवतोयस ना?"

"व्हय की! कवापासून दाखवतोय!"

"मग जरा मोठ्यानं दाखव."

त्या दिवशी हसून हसून गुरुजींना ठसका लागला. पगाऱ्याही हसला. मग त्यानं हेल्मेट काढलं, काच पुसल्यासारखी कपाळावरची कडा पुसली, आणि परत घातलं. त्या हेल्मेटाला काच नाही.

*

इंटरकॉमची बॅटरी उतरली की आतून एक बाई इंग्लिशमधे बोलते. भानुदासला ती पहिल्यांदा भेटली तेव्हा तो दचकून म्हणाला, "ह्या कोन बाई? काय म्हनत्यात सकाळी सकाळी?"

गुरुजींनी अर्थ सांगितला. "ती म्हणते, बॅटरी संपत आलीय. आधीच सावध करते."

भानुदासला फार कौतुक वाटलं. "शानी हाय बाई. आदी सांगती."

 

मग पगाऱ्या म्हणाला, "माझ्या डोळ्यातबी एक बसवायला पायजे हुती."

*

एक दिवस वहिनी, म्हणजे पगाऱ्याची बायको, माझ्या ओट्यावर आल्या. हातात सायकलच्या कुलपाची चावी. त्यांनी आदल्या संध्याकाळी सायकल साखळीनं खांबाला बांधली होती.

"भाऊजी, ह्यांना किती दिसतं ते मला खरं सांगा. तुमी जन्मात खरं बोलला न्हाई. एकदा बोला."

पगाऱ्यानं मला सगळं सांगितलं होतं. आधी ताटाएवढं दिसायचं. मग वाटीएवढं. त्या आठवड्यात तो म्हणाला होता, "शर्टाच्या बटनाएवढं राहिलं, आण्णा. आन बटनबी ढिलं झालंय."

मी म्हटलं, "वहिनी, चांगलं ताटाएवढं दिसतं त्याला."

वहिनींनी विचारलं, "मग काल जेवताना त्यांनी माझ्या ताटात हात का घातला?"

  मी चहा ठेवायला सांगतो म्हणून आत गेलो. बाहेर आलो तर वहिनी गेलेल्या, आणि ओट्यावर चावी.

*

लोकांना वाटतं, माणूस आंधळा होतो तेव्हा वाईट वाटायचं ते त्याचं. माझं काय झालं ते कुणी विचारत नाही.

या पगाऱ्यानं जन्मात माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. मी म्हटलं पाऊस आला, तर तो बाहेर येऊन तळहात पुढं करायचा. मी म्हटलं तुझ्या घरी पाहुणे आलेत, तर तो मुद्दाम उशिरा जायचा. एकदा खरंच आले होते, तरी उशिरा गेला! अशा माणसाला फसवण्यात गंमत असते. दिवसभर डोकं लावावं लागतं.

आणि आता? एकदा रस्त्यात म्हैस आडवी आली. मी म्हटलं, "पगाऱ्या, थांब, म्हैस." थांबला. एक पाय खाली टेकला. म्हैस आपली सावकाश गेली, शेपूट हलवत उसात शिरली. मी दम घ्यायला गप्प राहिलो, आणि पगाऱ्या तसाच उभा. रिकाम्या रस्त्यावर, मान थोडी वाकडी करून, माझ्या आवाजाची वाट बघत. उभा केला असता तर दुपारपर्यंत उभा राहिला असता.

"गेली रे बाबा," मी म्हटलं, "केव्हाच गेली."

"बरं," म्हणाला आणि पायडल मारलं. वळूनसुद्धा बघितलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही.

माझा धंदा बसला तो तिथं.

*

कारखान्याचं गळीत सुरू झालं. मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकामागं दोन-दोन जोडलेल्या, त्यांच्यामधून पगाऱ्याला नेणं माझ्या तोंडाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून आम्ही पाटाच्या रस्त्यानं जायला लागलो. कालव्याच्या भरावावरची वाट, एका बाजूला ऊस, एका बाजूला पाणी. ट्रॉली अंगावर येते, पाणी अंगावर येत नाही, असा आमचा हिशोब. वहिनींना आम्ही पाटाचं सांगितलं नव्हतं. डावं-उजवं म्हणण्यापेक्षा 'उसाकडं' आणि 'पाटाकडं' एवढे दोनच शब्द ठेवले होते.

त्या सकाळी आम्ही दोघंच होतो. गुरुजी पुण्याला लेकीकडे, भानुदासची ऊसतोड आलेली. पाटाला आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ. निघताना पगाऱ्या म्हणाला, "आण्णा, ते शर्टाचं बटन तुटलं रं." मी म्हटलं, "कधी?" म्हणाला, "परवाच." मी म्हटलं, "मग आज राहू दे." तोवर तो सायकलवर बसला होता.

मी मागून बोलत राहिलो. "सरळ. सरळ. जरा उसाकडं. हां. खडी हाय, हळू. सरळ." पगाऱ्या आज्ञाधारक पोरासारखा चालवत होता. बाभळींच्या पलीकडे वाट अरुंद होते आणि पाटाकडे कलते. मी म्हटलं, "आता उसाकडं घे."

घेतलं नाही.

"पगाऱ्या, उसाकडं!"

सरळच. आणि त्यानं वेग वाढवला.  मी पायडलवर उभा राहिलो. "उसाकडं! आरं, पाट हाय! पाट! सुदाम!" मी त्याला सुदाम कधी म्हणत नाही. त्याचं मागचं चाक काठावरची माती पाण्यात ढकलत चाललं होतं, मला ती पडताना दिसत होती. मी भानुदाससारखा ओरडत होतो. बॅटरी गेली म्हणून ओरडत होतो, त्या इंग्लिश बाईच्या नावानं ओरडत होतो. पुढं पगाऱ्या ताठ बसून, हँडलवर एकच हात, दुसरा मांडीवर, लग्नाला निघाल्यासारखा.

अरुंद वाट संपली, भराव रुंद झाला. चाकाखाली रुंद वाटेची खडी वाजली तसं पगाऱ्यानं पायडल थांबवलं, सायकल हळू हळू आपोआप थांबली, त्यानं पाय टेकला. टाच पाण्याच्या काठावर होती.

मी पोचलो तेव्हा माझ्या तोंडातून श्वाससुद्धा नीट निघत नव्हता. त्याच्या हेल्मेटावरच्या डबीचा निळा दिवा विझलेला होता.

"बॅटरी गेली व्हय रं?" मी कसंबसं विचारलं.

"न्हाई. बंद केल्ती."

पगाऱ्यानं हात वर नेला, चाचपून बटण दाबलं. निळा दिवा लागला. मग माझ्याकडे, म्हणजे मी जिथं असेन असं त्याला वाटलं तिकडं, तोंड करून म्हणाला,

"हां, आता बोल. काय म्हनत हुतास?"