धवलारीण पुतळीचं पोट

शकू नवी नवरी होऊन धरमतरच्या खाडीकाठी आली, त्याच आठवड्यात कुडाआडून तिने शेजारचं भांडण ऐकलं. दाजी बायकोवर, पुतळीवर, करवादत होता. तिचं पोट फाडून मूल काढलं त्याला महिना झाला नव्हता, आणि ती मिठागरावर पाट्या वाहून आली होती.

"टाके ओले हायत नि पाटी कसली उचलतेस?"

"मीठ उघड्यावर हाय. पाऊस काय माझे टाके सुकायची वाट बघल?"

भांडण पुतळीने जिंकलं. मीठ वाचलं, पोट तेवढं गेलं.

जुन्या टाक्यांतून आधी लिंबाएवढा गोळा आला, वर्षं गेली तसा नारळाएवढा झाला. पुतळी लुगड्याखाली फडकं आवळून बांधी. ती धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी, मान भटाच्याही आधी. पण वरचा सूर लावला की गोळा उसळे. मग दोन्ही हातांनी पोट दाबून ती गाई, आणि दम सरला की शेजारी बसलेली शकू ओळ उचली. लोकांना वाटलं रीतच असेल. वडखळची एक शिकाऊ पोर तर धडधाकट पोट दाबून गायला लागली.

एका हळदीत मात्र सूर मधेच तुटला. पुतळी कळवळून पुढे वाकली. घरी आल्यावर शकूला म्हणाली, "गाणं गेलं तर मी कोण गो?"

मिठागरवाल्यांचा उपाय एकच, मिठाचा शेक. तव्यावर तापवलेली पुरचुंडी शकूनेच धरली, जरा जास्तच वेळ. कातडी भाजली. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी ती बघून कपाळाला हात लावला. कातडी भरेपर्यंत तीन महिने सुरी लावायची नाही म्हणाल्या. शकूला तीन महिने जेवण गोड लागलं नाही.

हर्निया होता. पोटाचे स्नायू दोन बाजूंना सरकले होते, नुसतं शिवून भागणारं नव्हतं. कडेने सैल करून मधे ओढायचे, आतून जाळी लावायची. पुतळीने एवढंच विचारलं, गाता येईल का?

"वचन देत नाही. पण ऑपरेशननंतर सहा महिने सूर लावायचा नाही."

"सहा महिने गप? ह्यांच्या कानावर घालू नका, वर्षभर मागतील."

दाजी दारातच होता. तो हसला नाही. ऑपरेशन झालं, आणि पुढे सहा महिने पाण्याचा हंडा त्यानेच वाहिला.

मुदत सरली तशी पुतळी चुलीपुढे बसून हलकेच गायली. आवाज खाली उतरला होता, पण ओळ शेवटापर्यंत गेली. शकू उचलायला टपून होती. उचलायला काही उरलंच नाही. तिने डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या.

त्यानंतर पुतळीने नऊ वर्षं लग्नं लावली. झोपेतच गेली, त्याच्या आदल्या दिवशीही दोघी रोह्याला लग्नाला गेल्या होत्या. गाण्याआधीच हळद कुटायला घेतली म्हणून तिने वरमाईला झापलं, सगळं पहिल्यापासून करायला लावलं. जेवताना वालाची भाजी अळणी म्हणून सांगितली आणि दोनदा घेतली. पाठवणीचा धवला पुरा केला, मानाचं लुगडं-नारळ पिशवीत कोंबलं आणि म्हणाली, "चल गो शकू, यष्टी जाईल."